प्रत्येक मुलाला स्वतंत्र लॅपटॉप द्यावा की वर्गाला पुरतील एवढेच घ्यावेत?

प्रश्न : शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ

सर्वांना नमस्कार. मी शेतकरी आहे आणि आमच्या गावच्या जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून गेली दोन वर्षे काम पाहतो. माझी मुलगी याच शाळेत सातवीत शिकते.

आमच्या गावात वाढलेल्या आणि पुढे नागपूरला स्थायिक झालेल्या एका गृहस्थांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ शाळेला दहा लाख रुपये देण्याचे कळवले आहे. सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा लॅपटॉप मिळावा, एवढीच त्यांची इच्छा आहे. सहावीत १३, सातवीत १४ आणि आठवीत ११ अशी ३८ मुले आहेत. तालुक्याच्या दुकानातून आणलेले दरपत्रक एका नगाला २६,००० रुपयांचे आहे, म्हणजे एकूण ९,८८,००० रुपये होतात. हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतो आणि नेमकी हीच गोष्ट मला खटकते आहे, कारण त्यानंतर विजेसाठी, दुरुस्तीसाठी आणि शिकवणाऱ्या माणसासाठी काहीच उरत नाही.

शाळेची स्थितीही सांगतो. तीन वर्गांना दोन शिक्षक आहेत, गणित-विज्ञानाचे पद रिक्त आहे. वीज सिंगल फेजची आहे आणि मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते. काही वर्षांपूर्वी शाळेला असेच दोन संगणक मिळाले होते. परवा समितीच्या सदस्यांसमोर ती खोली उघडली, तेव्हा एका संगणकाच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या दिसल्या. दुसऱ्यावरचे कापडी आवरण मात्र बंद बांधलेले, जसेच्या तसे होते. ते एकदाही सोडले गेले असेल असे वाटले नाही.

पालकांचे मत एकमुखी आहे की लॅपटॉप घ्यावेत आणि प्रत्येकाला द्यावेत. सकाळी तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन गावातून आठ-दहा मुले घेऊन जाते आणि दर जूनला त्यात एक-दोन मुलांची भर पडते. लॅपटॉप आले तर आपली शाळा टिकेल, पट वाढेल, अशी लोकांची आशा आहे आणि ती मला चुकीची म्हणवत नाही. हा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवायचा आहे. ज्यांनी शाळेत हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : निवृत्त केंद्रप्रमुख, जिल्हा वर्धा

अध्यक्ष महोदय, पैसे खर्च होण्यापूर्वी आपण हे विचारले, याचे मला फार समाधान वाटले. केंद्रप्रमुख म्हणून शाळाभेटींमध्ये मी वर्षानुवर्षे एक तक्ता भरत असे. त्यात संगणक किती, चालू किती, नादुरुस्त किती, असे रकाने होते. एक मूल आठवड्यातून किती वेळ संगणकासमोर बसले, असा रकाना त्यात कधीच नव्हता. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या नसलेल्या रकान्यात आहे, असे माझे मत आहे.

प्रत्येक मुलाला स्वतंत्र लॅपटॉप हा विचार जगापुढे मोठ्या प्रमाणावर आला तो २००५ साली. अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली; प्रत्यक्षात त्याची किंमत सुरुवातीला जवळपास दुप्पट झाली. त्याचा आपल्या देशातील पहिला प्रयोग २००७ साली महाराष्ट्रातच, रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या वाडीत, वीसेक मुलांच्या एका छोट्या शाळेत झाला होता. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने ही कल्पना सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवली आणि आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तिथल्या ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा अभ्यास झाला. काही शाळांना लॅपटॉप मिळाले होते, काहींना नव्हते. सुमारे सव्वा वर्षानंतर दोन्ही गटांतील मुलांच्या गणिताच्या आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. तर्कशक्तीच्या चाचण्यांमध्ये मात्र थोडी प्रगती दिसली आणि ती मी कमी लेखणार नाही. प्रत्येक लॅपटॉपमध्ये सुमारे दोनशे पुस्तके भरून दिलेली होती, तरीही वाचन सुधारले नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पुस्तक मुलाच्या हाती पडले तरी ते उघडायला लावणारा आणि वाचून झाल्यावर त्याबद्दल विचारणारा कुणीतरी लागतोच.

आता याच्या शेजारी बडोद्याचे उदाहरण ठेवतो. तिथल्या महानगरपालिकेच्या शाळांना शासनाने संगणक दिले होते, पण बहुतेक शाळांत ते मुलांसाठी वापरले जात नव्हते. प्रथम या संस्थेने २००२ च्या सुमारास चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोन मुले बसवून, गणिताचे खेळ द्यायला सुरुवात केली. मूल जमेल तसे पुढे जाई. जिथे अडे, तिथे त्याच पातळीची उदाहरणे पुन्हा येत. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांच्या चमूने याचा अभ्यास केला, तेव्हा गणितातील प्रगती स्पष्ट दिसून आली. भाषेत फरक पडला नाही आणि कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात गणितातील लाभही बराच ओसरला, हेही सांगितले पाहिजे. तरीही इतका फरक पडला तो दोन मुलांत एक संगणक आणि आठवड्याचे दोन तास एवढ्यावर, कारण ते दोन तास ठरलेले होते, दर आठवड्याला होत होते आणि त्या वेळी काय करायचे हे आधीपासून माहीत होते.

आपल्या आकड्यांकडे पाहावे. सर्वांत मोठा वर्ग सातवीचा आहे आणि त्याचा पट १४ आहे. तिन्ही वर्ग एकाच तासिकेला लॅपटॉपवर बसणार नाहीत, कारण शिक्षकच दोन आहेत. म्हणजे १४ लॅपटॉप घेतले तरी ज्या वर्गाची तासिका असेल त्या वर्गातील प्रत्येक मुलापुढे स्वतंत्र लॅपटॉप येतो. त्यांचा खर्च ३,६४,००० रुपये होईल आणि ६,३६,००० रुपये शिल्लक राहतील. तिसरी ते पाचवीच्या मुलांनाही मग वेळ देता येईल, जी सध्याच्या योजनेतून पूर्णपणे सुटली आहेत.

शिल्लक रकमेपैकी काही भाग गावातील एखाद्या पदवीधर मुलीच्या किंवा मुलाच्या मानधनासाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवतो. रोज दोन तास, महिन्याला ३,००० रुपये धरले, तर दहा महिन्यांचे ३०,००० आणि तीन वर्षांचे ९०,००० रुपये होतात. साडेतीन लॅपटॉपांच्या किमतीत तीन वर्षे एक माणूस मिळतो. शंभरच्या आत पट असलेल्या आपल्यासारख्या शाळेचे संयुक्त अनुदान वर्षाला २५,००० रुपयांच्या घरात असते आणि त्यातूनच स्वच्छता, खडू-फळे, वीजबिल, किरकोळ डागडुजी असे सगळे भागवावे लागते. लॅपटॉपच्या देखभालीचा भार त्यावर टाकू नये.

प्रतिसाद २ : संगणक दुरुस्तीचा व्यवसाय, पुसद

भाऊ, गुरुजींनी शिक्षणाचा भाग सांगितला. मी फक्त विजेचे आणि यंत्राचे सांगतो, कारण माझ्या दुकानात शाळांकडून येणारे निम्मे लॅपटॉप विजेमुळेच बिघडलेले असतात.

लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॅटचा असतो. ३८ चार्जर एकदम लावले तर भार जवळपास अडीच किलोवॅट होतो. तुमच्या मीटरचा मंजूर भार एक किलोवॅट असेल, तर आधी वायरिंग तापेल आणि मग मीटरचा प्रश्न उभा राहील. १४ लॅपटॉप सात-सातच्या दोन पाळ्यांत चार्ज केले तर भार ४५५ वॅटच्या पुढे जात नाही, म्हणजे पंखे चालू ठेवूनही काम होते.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. शाळेच्या भिंतीत तीन छिद्रांचे सॉकेट दिसते, पण आत अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, किंवा जोडलेली असली तरी खड्डा कोरडा पडलेला असतो. आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा त्यातच निकामी होतो. मग पावसाळ्यात ओल्या पायांनी आलेल्या मुलाने चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात आणि पुन्हा ते मूल त्या यंत्राजवळ जायला घाबरते. खरेदीच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालण्याचे काम कुणाकडे तरी नेमून द्या.

छतावर सौर पॅनल बसवायचे असतील तर एक किलोवॅट पुरेसे आहे. त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात आणि १४ लॅपटॉप पूर्ण चार्ज करायला एक युनिटही लागत नाही. मात्र गावात वानरांचा वावर असेल तर पॅनलवर जाळी बसवून घ्या. दरपत्रकात जाळीची रक्कम स्वतंत्र लिहून मागा, नाहीतर नंतर ती कुणीच बसवत नाही.

लॅपटॉप घेताना आठ जीबी रॅम (काम करतानाची स्मृती) आणि एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान डिस्क) यांत तडजोड करू नका. हमीपत्रावर ऑनसाइट, म्हणजे जागेवर येऊन दुरुस्ती, असे लिहिलेले असले, तरी दुरुस्ती करणारा माणूस तुमच्या पिनकोडपर्यंत येतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या. रेंजची फार काळजी करू नका. एका लॅपटॉपवर कोलिब्रीसारखी धडे साठवून ठेवणारी मोफत प्रणाली आणि शेजारी साधा राउटर ठेवला, तर बाकीचे सगळे लॅपटॉप इंटरनेटशिवाय त्यावरचे धडे उघडू शकतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, तीही एकदाच उतरवून त्यावर ठेवता येतात. मी घाटंजीच्या बाजूला कामानिमित्त येत असतो. सांगितले तर वायरिंग पाहून जाईन, त्याचे पैसे घेणार नाही.

प्रतिसाद ३ : प्राथमिक शिक्षिका, मेळघाट

पुसदच्या दादांनी बॅटरीबद्दल लिहिले नाही, म्हणून आमचा अनुभव आधी सांगते. एका दात्याकडून आमच्या शाळेला बारा लॅपटॉप मिळाले. उन्हाळी सुट्टीत आम्ही ते पूर्ण चार्ज करून लोखंडी कपाटात बंद केले आणि कपाट टिनाच्या छताखालच्या खोलीत होते. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. कपाट उघडले तेव्हा तीन लॅपटॉपांच्या बॅटऱ्या फुगून कळफलक वर उचलला गेला होता. चूक आमचीच होती. आता आम्ही एप्रिलअखेर बॅटरी निम्मी ठेवून सर्व लॅपटॉप ग्रामपंचायतीच्या स्लॅबच्या खोलीत हलवतो.

मुलांबद्दल मात्र मला आनंदाने लिहावेसे वाटते. आमची बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात आणि पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. तयार व्हिडिओ दाखवले तेव्हा ती शांत बसून पाहत आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काहीही सांगू शकत नसत. लॅपटॉपचा खरा उपयोग झाला तो लिहिण्यासाठी. आम्ही इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक शिकवला, कारण त्यात अक्षर जसे उच्चारले जाते त्याच क्रमाने कळा दाबाव्या लागतात.

सहावीतला एक मुलगा वहीत नेहमी ‘विध्यार्थी’ असे लिहायचा. मी लाल शाईने किती वेळा दुरुस्त केले असेल याला गणती नाही. लॅपटॉपवर त्याने आधी ध दाबला, मग हलन्त, मग य. पडद्यावर जे उमटले ते समोरच्या पुस्तकातल्या शब्दाशी जुळेना. त्याने ते पुसले. द, हलन्त, य असे दाबून पाहिले आणि ‘द्य’ उमटलेला पाहून तो बराच वेळ बोट कळेवर तसेच ठेवून बसला. पुढे ‘र्थी’ लिहिताना र आधी दाबावा लागतो आणि तो मागाहून थच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, हे त्याला स्वतःलाच सापडले. नंतर तो शेजारच्या मुलीला सांगत होता की वरचा र आधी बोलायचा असतो. जोडाक्षरे मी फळ्यावर वर्षभर शिकवली होती. ती फोडून पाहण्याची संधी त्याला त्या दिवशी मिळाली.

यानंतर आम्ही मुलांना घरच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट देवनागरीत कोरकूमध्ये आणि मग मराठीत टंकलिखित करायला सांगू लागलो. एक गोष्ट पूर्ण व्हायला तीन आठवडे लागतात आणि त्यासाठी प्रत्येक मुलाला आठवड्यातून तीन वेळा स्वतंत्र कळफलक लागतो. या कामात दोघांत एक चालत नाही, कारण एक टंकलेखन करतो आणि दुसरा नुसता पाहतो, आणि पाहत राहणारी बहुधा मुलगीच असते. म्हणून सर्वांत मोठ्या वर्गाच्या पटाएवढे लॅपटॉप घ्यावेत, हे गुरुजींचे म्हणणे मला पटते. त्यापेक्षा कमी घेऊ नयेत.

प्रतिसाद ४ : बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, जिल्हा वाशीम

सर्वांबद्दल आदर ठेवून मी वेगळे मत मांडते. इथे सर्व हिशेब शाळेच्या तासांचा झाला आहे. घरी काय होते याचा कुणीच विचार केलेला नाही.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा मी आठवीत होते. घरात एकच मोबाइल होता. दिवसा तो बाबांबरोबर वावरात जायचा, संध्याकाळी भावाकडे असायचा, आणि माझ्या वाट्याला रात्री सगळे झोपल्यावरचा अर्धा तास यायचा, तोही बॅटरी उरली असेल तर. भाऊ वाईट नव्हता. मोबाइल त्याचा आहे असे घरातील सर्वांनी, मीसुद्धा, न बोलता मान्य केलेले होते. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांची माहिती आहे. त्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के आहेत. आमच्या घरातली गोष्ट एकट्या आमच्या घरातली नव्हती, हे मला ते आकडे वाचून कळले.

वस्तू मुलीच्या नावावर असली की घरातला प्रश्नच बदलतो. ती शाळेने तिला दिलेली असते, ती परत न्यायची असते, म्हणून ती तिच्याकडून कुणी घेत नाही. तमिळनाडूने २०११ पासून बारावीच्या मुलामुलींना स्वतःचे लॅपटॉप दिले ते याच विचाराने असावेत, असे मला वाटते. सहावीच्या मुलांना कदाचित ते लवकर होईल. पण आठवीच्या ११ मुलांना, निदान मुलींना, लॅपटॉप घरी नेता आला पाहिजे. अध्यक्ष काका, तुमची मुलगी पुढच्या वर्षी आठवीत जाईल. शाळा सुटल्यावर तिच्या हातात काय असेल, याचाही विचार ग्रामसभेत व्हावा.

प्रतिसाद ५ : निवृत्त केंद्रप्रमुख, जिल्हा वर्धा

ताई, आपला मुद्दा मी लिहिताना माझ्या नजरेतून सुटला होता, हे मान्य करतो. ज्या तक्त्याची मी तक्रार केली, त्यातला घरचा रकाना माझ्याही मनात नव्हता.

यातून एक मार्ग दिसतो. शाळेच्या वाचनालयात पुस्तके देतो तशी नोंदवही ठेवून शनिवारी शाळा सुटताना लॅपटॉप घरी द्यावेत आणि सोमवारी प्रार्थनेपूर्वी परत घ्यावेत. आठवीच्या मुलींपासून सुरुवात करावी. वर्गाला लागणाऱ्या चौदांशिवाय आणखी सहा लॅपटॉप घेतले, म्हणजे एकूण २०, तर खर्च ५,२०,००० रुपयांवर जातो आणि तरीही ४,८०,००० रुपये राहतात. वरचे सहा आठवडाभरही घरी राहू शकतात. फुटल्यास पालकांकडून भरपाई घेऊ नये. भरपाईच्या भीतीने पालकच ते घरी आणू देणार नाहीत आणि तेही पहिल्यांदा मुलींनाच नाकारतील.

उरुग्वे या देशाने २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला होता. तिथेही सुरुवातीला गणितात आणि वाचनात फरक दिसला नाही. पण त्यांनी इंटरनेट आणि दुरुस्तीची व्यवस्था सोबतच उभी केली आणि २०१२ पासून इंग्रजीचे शिक्षक नसलेल्या शाळांना दूरदृश्य प्रणालीने शिक्षक मिळवून दिले. आपल्याकडे गणिताचे पद रिक्त आहे. पाण्याच्या टाकीजवळची रेंज अँटेना लावून शाळेपर्यंत आणता आली, तर आठवड्यातून दोन तासिका गणिताचा एखादा निवृत्त शिक्षक दुरून घेऊ शकेल. मी स्वतः गणिताचाच आहे आणि मला वेळ आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री देणगीदारांशी फोनवर बोललो. प्रत्येकाला एक, हा त्यांचा आग्रह होता, कारण ते शिकत असताना वर्गात भूगोलाचे पुस्तक चौघांत एक होते आणि त्यांच्या वाट्याला ते कधीच घरी आले नाही. वाशीमच्या ताईंचे म्हणणे मी त्यांना वाचून दाखवले. त्यावर ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले की २० घ्या, पण घरी नेण्याची नोंदवही मला दर तीन महिन्यांनी दाखवा. मानधनासाठी रक्कम राखून ठेवायलाही त्यांनी संमती दिली आहे. उरलेली रक्कम समितीच्या नावे मुदतठेवीत ठेवून तिच्या व्याजातून बॅटऱ्या आणि दुरुस्ती भागवावी, असा ठराव मांडणार आहे.

पालकांना पटवणे मात्र बाकी आहे. आज कापूस वेचणीहून परतणाऱ्या दोघा-तिघांशी बोललो, तेव्हा ३८ चे २० का केले, हाच त्यांचा पहिला प्रश्न होता. त्यांना तिन्ही वर्गांचे वेळापत्रक कागदावर काढून दाखवावे लागेल, म्हणजे प्रत्येक मुलाला आठवड्यातून तीन वेळा स्वतंत्र लॅपटॉप कसा मिळतो हे कळेल. ते वेळापत्रक मुख्याध्यापक सर आणि मी रविवारी बसून करणार आहोत. गुरुजी, झाल्यावर तुम्हाला पाठवतो. गणिताच्या दोन तासिका कोणत्या वारी घेता येतील ते कळवावे.

पुसदच्या दादांनी जमेल तेव्हा यावे, जेवायला आमच्याकडेच थांबावे. मेळघाटच्या बाईंना एक विचारायचे आहे. तुम्ही कळफलकावर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावले होते की मुलांनी जागा पाठ केल्या? स्टिकर लावले असतील तर ते मुलांच्या हातांच्या घामाने निघतात का आणि किती दिवस टिकतात, तेवढे कृपया लिहावे, म्हणजे ते दरपत्रकातच धरता येतील.